टिप गेली म्हणण्याआधी : नॅनोइंडेंटरचं टोक कसं तपासायचं

पावसाळ्यात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आमच्या लॅबमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. एखादं नवीन पोरगं दारात उभं राहून म्हणतं, "दादा, टिप गेली जनू."

"कशावरनं?"

"रीडिंग काहीच्या काही यायलंय."

नॅनोइंडेंटर म्हणजे हिऱ्याचं बारीक टोक पदार्थात दाबून त्याची कठीणता मोजणारं मशीन, आणि टिप म्हणजे ते टोक. रीडिंग काहीच्या काही यायला डझनभर कारणं असतात, टिप हे त्यातलं एक. पण हिऱ्याचं टोक महाग आणि मागवलं तर लगेच मिळत नाही, म्हणून पहिली भीती त्याचीच वाटते. कोल्हापुरात थिन फिल्मवर (पदार्थाच्या अगदी पातळ थरावर) काम करणारी पोरं भरपूर, आणि आता कोटिंगचे नमुने घेऊन कारखान्यांतले इंजिनिअरही यायला लागलेत. यातल्या ज्यांनी मशीनवर नुकतंच बसायला सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. बटणांची नावं तुमच्या मशीनवर वेगळी असतील. जिथं माझं म्हणणं आणि तुमचं मॅन्युअल जुळणार नाही तिथं मॅन्युअलचं ऐका.

आधी थोडं मोजमापाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ब्रिनेल टेस्ट बघितली असेल तर आठवा : १० मिलिमीटरचा गोळा, ३००० किलोचा भार, आणि कास्टिंगवर उठलेला खड्डा भिंगातून मोजायचा. आपल्या मशीनवर १० मिलिन्यूटन हा बऱ्यापैकी मोठा भार समजतात, आणि तो म्हणजे साधारण एका ग्रॅमचं वजन. एवढ्या भाराला फ्यूज्ड सिलिकामध्ये (शुद्ध सिलिकाच्या काचेत) टोक सुमारे ३०० नॅनोमीटर जातं आणि तिकोनी ठशाची बाजू दीड मायक्रोमीटरच्या आसपास भरते. असा प्रत्येक ठसा भिंगातून मोजत बसणं शक्य नाही. म्हणून आपण खोली मोजतो आणि टोकाचा आकार माहीत आहे असं गृहीत धरून क्षेत्रफळ काढतो. ऑलिव्हर आणि फार या संशोधकांनी १९९२ साली मांडलेली पद्धत ती हीच. म्हणजे टोकाचा आकार बदलला आणि सॉफ्टवेअरला ते कळलं नाही, तर मशीन अगदी शांतपणे, तीन दशांश स्थळांपर्यंत चुकीचं उत्तर देत राहतं. एरर वगैरे काही येत नाही.

आपलं नेहमीचं टोक बर्कोविच, म्हणजे तीन बाजूंचा पिरॅमिड. तीनच बाजू का, तर तीन पृष्ठभाग नेहमी एका बिंदूत मिळतात. चार बाजूंचं विकर्स घासलं तर शेवटी बारीकशी छिन्नीसारखी धार उरतेच. बर्कोविचचा अक्ष आणि बाजू यांच्यातला कोन ६५.२७ अंश. त्यावरून आदर्श टोकाचं क्षेत्रफळ येतं २४.५ गुणिले संपर्क-खोलीचा (टोक पदार्थाला प्रत्यक्ष टेकलेलं असतं तेवढ्या खोलीचा) वर्ग. पण आदर्श टोक कुणाकडेच नसतं. नवंकोरं टोकही शेंड्याला गोल असतं, त्रिज्या ५० ते १०० नॅनोमीटर, आणि वापरून वापरून ती २०० च्या पुढं जाते. या गोलाईचा हिशेब ठेवणारं जे सूत्र, त्याला एरिया फंक्शन म्हणायचं. टिपेचे निम्मे आजार हे खरं तर जुन्या झालेल्या एरिया फंक्शनचे आजार असतात.

सगळ्यात आधी हात थांबवा

शंका आली की टोक वर उचला आणि नमुना बाजूला करा. "जरा जास्त भार देऊन बघूया" हा मोह टाळा. तुटायच्या बेतात असलेलं टोक त्यातच तुटतं. मूळ डेटा फाइल सेव्ह करा, नुसते सरासरीचे आकडे नको, प्रत्येक इंडेंटचा (ठशाचा) भार-खोली आलेख हवा. मग रजिस्टर उघडून शेवटचं बरोबर आलेलं रीडिंग कधीचं आणि त्यानंतर मशीनवर कुणी काय ठेवलं होतं ते बघा. केमिकल बाथ किंवा स्प्रे पायरोलिसिसची फिल्म होती? अशा फिल्म पुष्कळदा भुसभुशीत असतात, त्यांची भुकटी टोकाला चिकटून येते. पॉलिमर होतं? मग तर चिकटणारच. नोंद नसेल तर अंदाजाने चालायचं, दुसरा इलाज नाही.

फ्यूज्ड सिलिकाचा कस

आपल्या गुजरीतला सराफ कसोटीच्या दगडावर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढतो, आणि तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची. आपला माहीत असलेला कस म्हणजे फ्यूज्ड सिलिका. त्याचा मॉड्युलस (पदार्थ किती ताठ आहे त्याचं माप) ७२ गिगापास्कल, टोकासकट धरलेला रिड्यूस्ड मॉड्युलस ६९.६, कठीणता ९.२५ च्या आसपास. कठीणतेत थोडं इकडेतिकडे चालतं, मॉड्युलसमध्ये फार नाही.

सिलिका नीट पुसून घ्या आणि जिथं पूर्वी कुणी ठसे उमटवलेले नाहीत असा कोपरा निवडा. मग एकाच भाराचे दहा इंडेंट न घेता भाराची शिडी घ्या. तुमचं मशीन १० मिलिन्यूटनपर्यंत जात असेल तर अर्धा, एक, दोन, पाच, दहा, आणि प्रत्येक पायरीवर चार-पाच. नव्यांची चूक इथंच होते. एकाच भारावर आकडा बिघडलेला दिसला तर काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही.

आता सिलिकावर सगळं व्यवस्थित आलं तर? मग टिप निर्दोष आहे, तुमचा नमुना तपासा. हे सांगताना मला माझेच दोन दिवस आठवतात. स्टीलवरच्या एका कोटिंगचा मॉड्युलस अपेक्षेच्या निम्मा येत होता. टोकाचा टवका उडाला असं मी गाइडना सांगूनही टाकलं होतं. निघालं काय, तर घाईत मी नमुना डबल टेपने चिकटवला होता. टोक दाबत होतं तेव्हा कोटिंगखाली टेपही दबत होता. फेविक्विकचा एक पातळ थेंब, वर नमुना दाबून धरला, काम झालं. गाइडनी काही म्हटलं नाही, फक्त टेपचा रोळ उचलून आपल्या खणात ठेवला.

उथळ की खोल?

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर ही सांगितली असती. बिघाड कुठल्या खोलीला दिसतो ते बघा.

टोक झिजलं असेल तर त्याचा त्रास उथळ इंडेंटना होतो. बोथट शेंडा शंभर नॅनोमीटरच्या आत सगळा हिशेब बिघडवतो, पण टोक खोल गेलं की पिरॅमिडचा धडधाकट भाग कामाला येतो आणि आकडे हळूहळू ताळ्यावर येतात. याउलट टोक बसवलेल्या जागी ढिलं असेल तर उथळात फारसं काही जाणवत नाही. जसजसा भार वाढतो तसतसा सिलिकाचा संपर्क ताठ होत जातो, आणि मग त्या ताठ संपर्काच्या मानाने ढिल्या बैठकीची लवचिकता डोळ्यात भरते. मॉड्युलस खोलीबरोबर घसरत जातो. आम्ही पोरांना असं सांगतो : उथळात दुखलं तर शेंडा, खोलात दुखलं तर बूड.

याच्या जोडीला एक गुणोत्तर काढा. प्रत्येक इंडेंटसाठी कमाल भार भागिले ताठरपणाचा वर्ग. ताठरपणा म्हणजे भार काढतानाच्या आलेखाचा सुरुवातीचा उतार, सॉफ्टवेअर तो देतंच. या गुणोत्तराची गंमत अशी की त्यात क्षेत्रफळ येतच नाही, वर-खाली कटून जातं. म्हणजे टोक कितीही बोथट असलं तरी या आकड्याला त्याचा पत्ता नसतो. फ्यूज्ड सिलिकावर तो दर गिगापास्कलला ०.००१५ च्या जवळपास आणि सगळ्या भारांना जवळजवळ सारखा यायला हवा. कठीणता आणि मॉड्युलस बिघडलेत पण हे गुणोत्तर जागेवर आहे, तर दोष टोकाच्या आकाराचा. गुणोत्तरच भाराबरोबर वर सरकायला लागलं, तर ढिली बैठक किंवा चुकलेला फ्रेम कॉम्प्लायन्स (मशीनच्या सांगाड्याच्या लवचिकतेचा आकडा). एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. तरी दहातले नऊ जण ते करत नाहीत, आणि टिप काढायला पाना शोधत बसतात.

आकड्यांतली अजून एक खूण. क्षेत्रफळ २० टक्क्यांनी चुकलं असेल तर कठीणता २० टक्क्यांनी चुकते, पण मॉड्युलस साधारण १० टक्क्यांनीच, कारण त्यात क्षेत्रफळाचं वर्गमूळ येतं. दोन्ही आकडे याच प्रमाणात चढलेले दिसले तर समजा टोक बोथट झालंय आणि जुनं एरिया फंक्शन चालू आहे. हो, चढलेले. बोथट टोकाने कठीणता कमी येईल असं पुष्कळांना वाटतं. पण जास्त जाड टोक तेवढंच आत जायला जास्त भार मागतं, आणि सॉफ्टवेअर तो भार जुन्या, लहान क्षेत्रफळाने भागतं.

घाणीचं याच्या उलट. टोकाला मऊ काही चिकटलं असेल तर ते आधी टेकतं, मशीन तिथंच शून्य धरतं, आणि खोली फुकटची जास्त भरते. आलेख सुरुवातीला आळसावल्यासारखा आडवा जातो आणि मग एकदम उठतो. उथळ आकडे खाली येतात, आणि पाचपैकी कुठलेच दोन एकमेकांशी जुळत नाहीत. टोक वर येताना भार शून्याच्या खाली जाऊन मग सुटत असेल तर काहीतरी चिकटतंय. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनेही थोडं असं होतं, म्हणून जुलैतल्या एवढ्याशा शेपटीवरून लगेच निष्कर्ष काढू नका.

आणि कमी भाराला चढता-उतरता आलेख एकमेकांवर तंतोतंत बसला, मध्ये काही फटच राहिली नाही, तर टोकाने सिलिकात कायमचा ठसा उमटवलेलाच नाही. गोल शेंडा नुसता दाबून परत आला. त्या भाराला मिळालेला आकडा कठीणता नाहीच. हे कुठल्याही कॅलिब्रेशनने दुरुस्त होत नाही.

हवेतला इंडेंट

टोक कशालाही न टेकवता हवेतच एक चाचणी चालवा. कॅलिब्रेशननंतर आलेख शून्यावर सपाट यायला पाहिजे. उतार दिसला तर टोकाच्या दांड्याला धागा किंवा केस अडकलाय का बघा. कापसाचा एक तंतूसुद्धा पुरेसा असतो. आलेख थरथरत असेल तर टोकाचा काही संबंध नाही, एसी किंवा पंप चालू आहे का बघा, कंपनरोधक टेबल नीट तरंगतंय का बघा. ड्रिफ्ट (भार न बदलता खोलीचं आपोआप सरकणं) सेकंदाला ०.०५ नॅनोमीटरच्या वर असेल तर झाकण लावून तासभर थांबा. लाइट जाऊन आल्यावर लगेच मोजायला बसणारे मी खूप बघितलेत. मशीन गार-गरम होत असताना घेतलेल्या रीडिंगवरून टिपेचा निवाडा करायचा नसतो.

साफसफाई

खूण घाणीची असो वा झिजेची, आधी साफ करा. त्यात नुकसान नाही, आणि घाण गेल्याशिवाय झीज आहे का ते कळत नाही.

सुरुवात सगळ्यात सौम्य उपायाने. स्वच्छ पॉलिकार्बोनेटवर किंवा मऊ ॲल्युमिनियमवर मशीननेच दहा-वीस खोल इंडेंट द्या. सैल कण बऱ्याचदा तिथंच राहून जातात. परत सिलिकाची शिडी. फरक पडला नाही तर टोक मॅन्युअलप्रमाणे काढून घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा स्वॅब घ्या आणि दांड्याकडून शेंड्याकडे, एकाच दिशेने हलकेच पुसा. गोल गोल घासायचं नाही. टोक मशीनवर असताना आडवं ढकलायचं नाही, आतल्या नाजूक स्प्रिंगा आडव्या जोरासाठी केलेल्याच नसतात. दुसरा मार्ग म्हणजे स्वच्छ थर्माकोलच्या तुकड्यात टोक सरळ खुपसून सरळ काढायचं. ही युक्ती साधी वाटते, पण चालते.

ॲसिटोन जपून. हिऱ्याला काही होत नाही, पण काही टोकांमध्ये हिरा दांड्याला चिकटद्रव्याने बसवलेला असतो. ओझरतं पुसलं तर चालेल, वाटीत बुडवून चहाला जायचं नाही. अल्ट्रासॉनिकमध्ये तर उत्पादकाने सांगितल्याशिवाय टाकूच नका. आणि लोखंडी चिमट्याने शेंडा धरायचा नाही. हिरा कठीण आहे म्हणून तो चिवट आहे असं नाही, काठाला लागला तर टवका उडतो.

टवका आहे का ते बघताना

साफ करूनही उथळ आकडे बिघडलेलेच असतील तर आता बघायची वेळ आली. साध्या मायक्रोस्कोपखाली मोठा टवका दिसतो, पण तिथं टोक सुंदर दिसलं म्हणून ते चांगलं ठरत नाही. आपला प्रश्न शंभर नॅनोमीटरचा, प्रकाशाला तेवढं दिसत नाही. मशीनमध्ये त्याच टोकाने पृष्ठभागाची प्रतिमा घ्यायची सोय असेल तर ताज्या ठशाची प्रतिमा घ्या. त्रिकोण एका कोपऱ्यात तुटका आहे, किंवा प्रत्येक उंचवट्याला तशीच जुळी सावली आहे, तर संशय टोकावर. मग नमुना ९० अंशांनी फिरवून परत प्रतिमा घ्या. जुळी सावली नमुन्याबरोबर फिरली तर ती नमुन्याचीच. फिरली नाही, पूर्वीच्याच दिशेला राहिली, तर ती टोकाची.

एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बघायचं असेल तर चालवणाऱ्याला आधीच बजावा : सोन्याचा थर द्यायचा नाही. सवयीने ते प्रत्येक नमुन्याला देतात. हिरा वीज वाहत नाही, म्हणून कमी व्होल्टेजवर, थोडक्या वेळात बघायचं. जास्त वेळ बीम मारला तर शेंड्यावर कार्बनचा थर साचतो, म्हणजे तपासायला नेलेली टिप मळवून परत आणली.

बूड ढिलं असेल तर

गुणोत्तर भाराबरोबर सरकत असेल तर टोक काढा, आट्यांमध्ये कचरा आहे का बघा, फुंकणीने उडवा (तोंडाने नको, थुंकी जाते) आणि मशीनबरोबर आलेल्या खास पान्यानेच परत बसवा. बोटाला जाणवेल एवढंच घट्ट. इकडे उद्यमनगरच्या, म्हणजे कारखान्यांच्या, हवेत वाढलेल्यांना शेवटचा एक झटका दिल्याशिवाय चैन पडत नाही, पण तो झटका सेन्सरच्या स्प्रिंगांवर बसतो, आणि सेन्सर टिपेपेक्षा कितीतरी महाग.

परत बसवल्यावर हवेतलं कॅलिब्रेशन पुन्हा, आणि मायक्रोस्कोप व टोक यांच्यातलं अंतरही पुन्हा. हे दुसरं विसरलं तर तुम्ही भिंगातून एक जागा निवडता आणि टोक भलतीकडे उतरतं, कधी नमुन्याच्या काठावर, कधी स्टेजच्या धातूवर.

नवं एरिया फंक्शन, की निवृत्ती?

टोक स्वच्छ आहे, घट्ट आहे, टवका नाही, नुसतं बोथट आहे. अशा टोकाला एरिया फंक्शन नव्याने काढून दिलं की ते पुन्हा कामाला लागतं. सिलिकावर अगदी कमी भारापासून कमाल भारापर्यंत शंभरेक इंडेंट घ्या आणि सूत्र बसवा. सूत्रात पाच-सहा स्थिरांक असतात. एवढे हातात असले की कुठल्याही बिंदूंतून रेघ ओढता येते, म्हणून आलेख छान बसला याचं फार कौतुक नको. ज्या पदार्थावर कॅलिब्रेशन केलं नाही अशावर तपासा. बीके७ ऑप्टिकल काच मिळाली तर उत्तम, तिचा मॉड्युलस ८२ गिगापास्कल यायला हवा. आणि कॅलिब्रेशन जितक्या खोलीपर्यंत केलं त्याच्या पलीकडे सूत्र वापरू नका.

किती बोथट म्हणजे फार बोथट, हे तुमच्या कामावर ठरतं. फिल्मच्या जाडीच्या १० टक्क्यांच्या आत राहायचं हा नेहमीचा दंडक. तुमची फिल्म ३०० नॅनोमीटरची असेल तर हातात आहेत फक्त ३० नॅनोमीटर, आणि जुन्या टोकाचे त्यातले पहिले दहा-वीस नुसते लवचिक दाबण्यात जातात. त्या फिल्मला हे टोक नको. पण दोन-तीन मायक्रोमीटरच्या नायट्राइड कोटिंगला हेच टोक अजून वर्षभर चालेल. आम्ही अशा टोकाच्या डबीवर लाल ठिपका लावतो : १०० नॅनोमीटरच्या खाली वापरायचं नाही.

टवका उडालेल्या टोकाला मात्र सूत्र शोधत बसू नका. ते पुन्हा घासून द्यायची सोय काही उत्पादकांकडे असते. त्याच्या मूळ डबीत, शेंडा कशालाही टेकणार नाही असं बसवून पाठवा, आणि परत आलं की त्याचं जुनं एरिया फंक्शन संगणकावरून काढून टाका. नाव तेच, नंबर तोच, म्हणून कुणीतरी जुनी फाइल लावतं आणि चार दिवसांनी दारात येऊन म्हणतं, "दादा, टिप गेली जनू."